शितावरून भात, सुबुत्यावरून हॉटेल?



पेटची तयारी करणारे, सिनॉप्सिस लिहायला बसलेले, नेट होऊन गाईड शोधणारे अशा बऱ्याच जणांचे मेल येतात. त्यातला एक प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो. "मला जे मोजायचंय ते थेट मोजताच येत नाही. त्याच्या जागी दुसरं काही मोजलं तर चालेल का?"

चालतं. बहुतेक विज्ञान त्यावरच चालतं. तापमान आपण कधी पाहत नाही, काचेच्या नळीत चढलेला पारा पाहतो. नदीच्या पाण्यात मैला मिसळलाय का हे बघायला प्रत्येक रोगजंतू शोधत बसत नाही, ई-कोलाय मोजतो. अशा बदली मापाला निर्देशक म्हणतात. पण कुठलाही निर्देशक चालत नाही, आणि व्हायवाला बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात: हाच का?

आजची पोस्ट त्या "हाच का" वर आहे. उदाहरण मात्र प्रयोगशाळेतलं नाही, ताटातलं आहे. मी जपानमध्ये पीएचडी करतेय, विषय जेल आणि स्टार्चसारखे पॉलिमर. इथल्या लॅबमध्ये आल्यापासून सीनियर मंडळींकडून एक नियम ऐकतेय: नवीन चायनीज हॉटेलात गेलात की सुबुता मागवा. सुबुता चांगला तर हॉटेल चांगलं, नाहीतर पुन्हा जाऊ नका. हा नियम इतक्या खात्रीने सांगितला जातो की त्याची नीट तपासणी करावी असं मला फार दिवस वाटत होतं.

आधी थोडी ओळख. इथे गल्लीबोळात छोटी चायनीज हॉटेलं असतात, त्यांना माची-चूका म्हणतात. (मराठी कानाला यात आंबट चुका ऐकू येतो, आणि आजच्या पदार्थाला ते शोभतंही.) माची म्हणजे गाव-वस्ती, चूका म्हणजे चिनी जेवण. दारावर लाल कापडी पडदा, आत एक काउंटर, दोन-चार टेबलं, भिंतीवर हाताने लिहिलेला मेनू आणि शेगडीवर एकच माणूस. आपल्याकडच्या उडपी हॉटेलाशी याचं नातं जवळचं. पदार्थ मूळ चीनमधून आलेले, पण इथल्या जिभेने बदलून घेतलेले. यात काही कमीपणा नाही. आपल्या गाडीवरच्या मांचुरियनचंही तेच आहे. त्याचं श्रेय १९७५ च्या सुमारास मुंबईत काम करणाऱ्या नेल्सन वांग यांना दिलं जातं, आणि ते स्वतः कोलकात्यात जन्मलेले.

सुबुता म्हणजे आपण मेनूकार्डावर "स्वीट अँड सार पोर्क" वाचतो तो पदार्थ. सु म्हणजे व्हिनेगर, बुता म्हणजे डुक्कर. डुकराचं मांस आणि आंबट ही जोडी आपल्याला परकी वाटायचं कारण नाही, गोव्याचं सोरपोतेल आणि विंदालू याच जोडीवर उभे आहेत. सुबुत्याचे भाऊबंदही पुष्कळ. कँटनकडचा कू-लो-यूक, त्यात अननस आणि ढोबळी मिरची. ईशान्य चीनमधल्या हार्बिनचा कुओ-पाओ-रो, त्यात मांसाचे पातळ काप. कोरियाचा तांगसुयुक, आणि तिथे तर सॉस वरून ओतायचा की मांस सॉसमध्ये बुडवून खायचं यावरून मित्रामित्रांत भांडणं होतात. जपानी सुबुत्यात मांसाचे जाड तुकडे, कांदा, गाजर, ढोबळी मिरची, बांबूचे कोंब, कधी शिताके मशरूम. सॉसमध्ये व्हिनेगर, साखर, सोया सॉस आणि बहुतेक ठिकाणी टोमॅटो केचप.

आता नियमाच्या बाजूने जेवढं बोलता येईल तेवढं आधी बोलू. एखाद्या मतावर टीका करायची तर ते मत त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात मांडायचं, ही शिस्त लिटरेचर रिव्ह्यूतही पाळा.

सुबुता निवडण्यामागे तर्क आहे. हा पदार्थ एका कामाचा नाही, चार-पाच कामांचा आहे. मांसाला सोया सॉस-आल्यात मुरवायचं, बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवायचं. मध्यम तापलेल्या तेलात तळायचं, बाहेर काढून थोडा वेळ ठेवायचं, मग जास्त तापलेल्या तेलात पुन्हा एकदा झटकन तळायचं. पहिल्या वेळी आतलं मांस शिजतं, आणि बाहेर ठेवल्यावर आतली वाफ आवरणाकडे येते. दुसऱ्या वेळी ते पाणी उडून आवरण कुरकुरीत होतं. भाज्या वेगळ्या, कमी तापलेल्या तेलातून काढायच्या, म्हणजे मिरचीचा हिरवा रंग टिकतो आणि गाजर कच्चं राहत नाही. सॉस कढईत उकळायचा, स्टार्चचं पाणी घालून दाट करायचा आणि सगळं त्यात टाकून काही सेकंदांत उतरवायचं. उशीर झाला की आवरण भिजून लगदा.

सॉसचं गणितही नाजूक आहे. बटाट्याचं स्टार्च साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला फुगायला लागतं. त्याच्या साखळ्यांवर फॉस्फेट गट असतात, ते एकमेकांना ढकलतात, म्हणून कण खूप पाणी धरतात आणि सॉस काचेसारखा पारदर्शक होतो. (आपल्याकडच्या कॉर्नफ्लॉवरचा सॉस त्या मानाने ढगाळ दिसतो.) पण हे फुगलेले कण नाजूक असतात. फार उकळलं, फार ढवळलं की फुटतात आणि सॉस सैल पडतो. त्यात व्हिनेगरचं आम्ल स्टार्चच्या साखळ्या तोडतं, आणि व्हिनेगरचा वास वाफेबरोबर उडूनही जातो. म्हणून जाणता आचारी व्हिनेगरचा निदान काही भाग अगदी शेवटी घालतो. एकूण काय, तेलाचं तापमान, चिरण्याचा आकार, वेळेचा अंदाज आणि चवीचा तोल, सगळ्याची परीक्षा एका ताटात होते. नियम करणारे वेडे नाहीत.

आता दोन हॉटेलं घेऊ. दोन्ही माझ्या विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर. नावं देत नाही. दोन्हीकडे मी तीन-तीनदा सुबुता खाल्ला, मुद्दाम वेगवेगळ्या वारी आणि वेगवेगळ्या वेळी.

पहिलं स्टेशनजवळचं. स्वच्छ, उजेड भरपूर, ऑर्डर यंत्रावर द्यायची. ताट फार लवकर येतं. मांसाचे तुकडे सगळे एका मापाचे, आवरण मऊ, सॉस वरून ओतल्यासारखा. तुकड्याची खालची बाजू कोरडीच. पहिली चव गोड, मग केचप, आंबटपणा मागून कुठूनतरी येतो आणि त्याला वास जवळजवळ नाही. मिरची शेवाळी रंगाची. तिन्ही वेळा हुबेहूब हेच. यावरून सॉस आधी करून ठेवलेला असावा असा माझा अंदाज आहे. लक्षात घ्या, "मिरची शेवाळी होती" हे निरीक्षण आहे आणि "सॉस तयार होता" हे अनुमान. तुमच्या वहीत ही दोन्ही एका वाक्यात लिहू नका. तयार सॉस सहसा आम्ल आणि उष्णता सहन करणाऱ्या, रासायनिक बदल केलेल्या स्टार्चचे असतात, आणि इथला सॉस तसाच वागला: एकसारखा गुळगुळीत. माझं मत म्हणाल तर पदार्थ खाण्यासारखा आहे, आठवणीत ठेवण्यासारखा नाही.

दुसरं हॉटेल मागच्या गल्लीत. शेगडीवर आजोबा, काउंटरवर आजी. इथला सुबुता पहिल्यांदा इतका आंबट होता की ठसका लागला, आणि कांदा मध्ये कच्चा. दुसऱ्या वेळी मांस छान, पण आवरण सॉसमध्ये बुडून सुटलेलं. तिसऱ्या वेळी मात्र काय सांगू. कडा कुरकुरीत, आत मांस रसदार, व्हिनेगरचा वास आधी नाकाला आणि मग जिभेला, गाजराला स्वतःची चव. त्या दिवशी दुपारचे पावणेदोन वाजले होते, हॉटेलात मी आणि एक टॅक्सीवाले काका, एवढेच. पहिल्या वेळी शुक्रवारची संध्याकाळ होती आणि काउंटर भरलेला.

आता नियम लावा. तीन ताटांची सरासरी काढली तर दोन्ही हॉटेलं जवळजवळ सारखी, आणि लॅबमधल्या बहुतेकांसारखं पहिल्या ताटावरच निकाल दिला तर स्टेशनजवळचं जिंकतं. पण मी जेवायला कुठे जाते? मागच्या गल्लीत, आठवड्यातून दोनदा. तिथला फ्राइड राइस मी जपानमध्ये खाल्लेल्यांत सगळ्यात चांगला आहे. दाणा न् दाणा सुटा, अंडं भाताला चिकटलेलं, तळाशी तेल नाही. ग्योझा, म्हणजे आपल्या मोमोचा तव्यावर खरपूस केलेला चुलतभाऊ, त्याचा तळ रोज एकसारखा तांबूस. शुक्रवार असो की मंगळवार.

मग गडबड कुठे झाली? आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. लहानपणापासून आपण ती "थोडक्यावरून सगळं ओळखता येतं" अशी ऐकतो. पण ही म्हण सॅम्पलिंगबद्दलची आहे आणि तिला एक न बोललेली अट आहे. शीत भाताबद्दल खरं सांगतं, कारण पातेलं एक, पाणी एक, आच एक, तांदूळ एका पोत्यातला. एका शितावर जे झालं तेच बाकीच्या शितांवर झालं. तरीसुद्धा घरात भात बघणारी बाई शीत मधून उचलते, तळातून किंवा कडेचं नाही, कारण तळाचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो हे तिला माहीत असतं. म्हणजे भातसुद्धा पूर्ण एकजिनसी नाही आणि तिने त्याची सोय केलेली आहे.

हॉटेलचा मेनू एका पातेल्यात शिजत नाही. मागच्या गल्लीत फ्राइड राइस आणि ग्योझा दिवसभर निघत असतात. आजोबांचा हात त्यावर झोपेतही चालेल. सुबुता मी तिथे बसलेली असताना दुसऱ्या कुणी मागवलेला मला आठवत नाही. क्वचित होणारं काम, एकटा माणूस, एक कढई, आणि समोर रामेनसाठी थांबलेली चार माणसं. दोनदा तळायचं काम त्या गर्दीत म्हणजे बाकी सगळ्यांना थांबवणं. सुबुता इथे हॉटेलचा दर्जा मोजत नाही, शेगडीवर त्या क्षणी किती ताण होता ते मोजतो. संशोधनाच्या भाषेत याला कॉन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटीचा प्रश्न म्हणतात: मापाला नाव एकाचं दिलं आणि मोजलं दुसरंच.

आणि "चांगलं हॉटेल" म्हणजे तरी काय, हे नियम करणाऱ्यांनी कुठे सांगितलंय? लग्नाच्या वाढदिवसाला जायचं हॉटेल आणि रात्री साडेआठला लॅबमधून सुटल्यावर एकटीने, १००० येनच्या आत, पोटभर आणि कुणी घाई न करता जेवायचं हॉटेल, यांची व्याख्या एक नाही. माची-चूका दुसऱ्या प्रकारातली. तिथे रोजचा पदार्थ रोज तसाच मिळणं हाच दर्जा. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये "गुणवत्ता", "जागरूकता", "सक्षमीकरण" असले शब्द असतील तर आधी त्यांची व्याख्या लिहा. निर्देशक त्यानंतर निवडायचा. बहुतेक जण उलट करतात: प्रश्नावली हाताशी असते, व्याख्या तिच्या मापाने कापून घेतात.

तरी नियम फेकून द्यावा इतका वाईट नाही. तो एका बाजूने चांगला चालतो. एखाद्या छोट्या हॉटेलात गर्दीच्या वेळीही सुबुता उत्तम आला, तर तिथला आचारी पक्का आहे याबद्दल मला शंका राहत नाही; असा सुबुता नशिबाने होत नाही. पण सुबुता वाईट आला म्हणून हॉटेल वाईट ठरत नाही. निदान-चाचण्यांच्या भाषेत, या चाचणीची स्पेसिफिसिटी बरी आणि सेन्सिटिव्हिटी कमी: वाईट हॉटेलाला चुकून चांगलं क्वचित म्हणेल, पण चांगली हॉटेलं भरपूर गाळेल. अशी चाचणी काही कामांना चालते. पाहुण्यांना न्यायला एकच खात्रीचं हॉटेल हवं असेल तर वापरा. गल्लीतल्या सगळ्या हॉटेलांची क्रमवारी लावायला वापरू नका. लॅबमधले लोक दुसरं काम करतात आणि पहिल्या कामाचा तर्क देतात, माझी तक्रार एवढीच आहे. त्या तक्रारीत आजी-आजोबांचं दुकान आहे हेही खरं. इंटरनेटवर त्याला तारे कमी आहेत, आणि कमी तारे देणाऱ्यांच्या शेऱ्यांत सुबुत्याचा उल्लेख वारंवार येतो. सत्तरीतल्या माणसाला कमी ताऱ्यांचा अर्थ रिकाम्या खुर्च्यांत मोजावा लागतो.

त्या शेऱ्यांतला एक तर माझ्या विषयाचाच निघाला: "सुरुवातीला सॉस दाट असतो, शेवटी पाणचट होतो, म्हणजे स्टार्च नीट शिजवलेलं नाही." वाचून मला राहवलं नाही. पुढच्या खेपेला ताट आल्याबरोबर, चॉपस्टिकला हात लावायच्या आधी, स्वच्छ चमच्याने दोन चमचे सॉस बाजूच्या बशीत काढून ठेवला. मग नेहमीसारखी जेवले. वीस मिनिटांनी ताटातला सॉस पाण्यासारखा पसरला होता. बशीतला? थंड होऊन आणखी घट्ट.

दोन्ही सॉस एकाच कढईतले. फरक पडला चॉपस्टिकचा. त्या तोंडात जातात, परत ताटात येतात आणि बरोबर लाळ आणतात. लाळेत अमायलेज असतं आणि ते स्टार्चच्या लांब साखळ्या भराभर कापतं. फुगलेल्या बटाट्याच्या स्टार्चला थोडंसं अमायलेजही पुरतं. ताटातल्या भाज्याही पाणी सोडतात, तो हिशेब वेगळा, आणि माझ्या बशीत भाज्या नव्हत्या, त्यामुळे पाण्याचा वाटा किती आणि लाळेचा किती हे त्या एका बशीवरून वेगळं करता येणार नाही. त्यासाठी तिसरी बशी हवी: सॉस, भाज्या, पण चॉपस्टिक नाही. पण शेरा लिहिणाऱ्याने तर एकही बशी ठेवली नव्हती. मापणाऱ्याचं यंत्रच नमुना बदलत होतं आणि दोष आचाऱ्याच्या नावावर गेला. कंट्रोल म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी आता ही बशी सांगते.

अननसाबद्दल दोन ओळी, कारण त्याशिवाय सुबुत्यावरचं बोलणं इथे पूर्ण होत नाही. अननस घालावा की नाही यावर जपानी माणसं तावातावाने बोलतात, आणि घालणाऱ्यांचं एक "शास्त्रीय" कारण असतं: अननसातल्या ब्रोमेलेनने मांस मऊ होतं. ब्रोमेलेन मांसातली प्रथिनं तोडतं हे खरं. पण डब्यातला अननस डबाबंद होतानाच तापवलेला असतो, त्यातलं एन्झाइम मेलेलं. म्हणून तर डब्यातल्या अननसाची जिलेटिनची जेली जमते आणि ताज्याची जमत नाही. आणि ताजा वापरला तरी तो शेवटी, शिजलेल्या मांसाबरोबर, उकळत्या सॉसमध्ये जातो. काम करायला त्याला वेळ कुठला? अननस आवडतो म्हणून घाला. मला आवडतो. यंत्रणा खरी असणं आणि ती इथे चालू असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

माझा एक सेनपाई छातीठोक सांगतो की तयार सॉस आणि ताजा सॉस तो एका घासात ओळखतो. ओळखतही असेल. पण त्याला हॉटेल दिसतं, यंत्र दिसतं, मिरचीचा रंग दिसतो. जीभ शेवटी येते. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या पुस्तकात असाच दावा तपासला होता. एक बाई म्हणत, कपात दूध आधी घातलं की चहा, हे मी चवीवरून सांगते. आठ कप, चार असे, चार तसे, क्रम यादृच्छिक. आठातून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात, म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त एक. सेनपाईसाठी आठ चमचे सॉस, डोळ्यांवर पट्टी, सॉस कोमट आणि एकाच तापमानाला. तापमान विसरलात तर तो चव नाही, गरमपणा ओळखेल. चार बरोबर ओळखले तर मी मानेन. तीन ओळखले तर? सगळ्या मांडण्या मोजा: नेमके तीन बरोबर येण्याचे १६ प्रकार, म्हणजे तीन किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ७० त १७, जवळजवळ पाव. त्यावर मी पैज लावणार नाही. हा हिशेब तुम्ही वहीत स्वतः करून बघा, पेटला असले प्रश्न येतात.

ताटावरून निकाल देण्याची ही सवय निरुपद्रवी वाटते, म्हणून एक जुनी गोष्ट. १९०८ साली टोक्योत किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळापासून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. त्याचं मीठ म्हणजे आपण ज्याला अजिनोमोटो म्हणतो ते. १९६८ साली रॉबर्ट हो मॅन क्वोक या डॉक्टरांचं एक छोटं पत्र न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. अमेरिकेतल्या चायनीज हॉटेलांत जेवल्यावर आपल्याला मानेत बधिरपणा, अशक्तपणा, धडधड जाणवते, असं त्यांनी लिहिलं, आणि कारण म्हणून सोया सॉस, स्वयंपाकाची वाइन, अजिनोमोटो, जास्त सोडियम अशा अनेक शक्यता मांडल्या. ते पत्र प्रश्न विचारणारं होतं. पण वर मथळा लागला "चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम", शक्यतांपैकी एकच उचलली गेली, आणि पुढची कित्येक वर्षं अमेरिकेतली चायनीज हॉटेलं दारावर "आम्ही अजिनोमोटो वापरत नाही" अशा पाट्या लावत राहिली. नंतरच्या डबल-ब्लाइंड अभ्यासांत, जेवणाबरोबर घेतलेल्या अजिनोमोटोने ही लक्षणं सातत्याने दाखवली नाहीत. टोमॅटोत आणि परमेसान चीजमध्ये ग्लुटामेट भरपूर असतं, पण इटालियन हॉटेलाच्या नावाने कुठला सिंड्रोम निघाला नाही. आपल्याकडेही गाडीवरचं चायनीज नको म्हणताना आई पहिल्यांदा अजिनोमोटोचंच नाव घेते. तेलाचा आणि पाण्याचा प्रश्न, जो खरा विचारायला हवा, तो मागे राहतो.

आणखी एक धोका, जो तुमच्या फार जवळचा आहे. समजा सगळं गाव सुबुत्यावरूनच हॉटेल ठरवू लागलं. हॉटेलवाले काय करतील? सुबुता सुधारतील, बाकी मेनू तसाच. मापच ध्येय झालं की माप बिघडतं. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. युजीसीच्या २०१६ च्या नियमांत थिसिस जमा करण्याआधी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणं सक्तीचं होतं. हेतू चांगला होता: निबंध हा संशोधन झाल्याचा निर्देशक. पण निबंध हवाच म्हटल्यावर पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स उगवली. २०२२ च्या नियमांत ती सक्ती काढली. तुमच्यापैकी काहींना "सर, इतक्या पैशांत महिन्यात पेपर" असे मेसेज अजूनही येत असतील. तो तयार सॉस आहे.

मग नवीन माची-चूकात काय मागवायचं? मी आता दोन गोष्टी मागवते. एक, जे बहुतेकांच्या समोर दिसतंय ते, म्हणजे बहुधा फ्राइड राइस किंवा ग्योझा. त्यावरून हॉटेलचा रोजचा हात कळतो. दुसरं, भिंतीवरच्या हस्तलिखित मेनूतलं कडेचं काहीतरी, त्यावरून झेप कळते. शक्य असेल तर पुन्हा एकदा, वेगळ्या वेळी. हे दोन आकडे मी एकत्र करून सरासरी काढत नाही, वहीत दोन रकान्यांत ठेवते. मागच्या गल्लीतल्या दुकानापुढे पहिल्या रकान्यात "उत्तम, रोज" आहे आणि दुसऱ्यात "वेळेवर अवलंबून". स्टेशनजवळच्यापुढे दोन्हीकडे "ठीक". लॅबमध्ये हे वाचून दाखवलं तेव्हा सेनपाई म्हणाला, मग शेवटी कुठलं चांगलं ते एका शब्दात सांग. एका शब्दात सांगता आलं असतं तर दोन रकाने कशाला केले असते?

तुमच्या सिनॉप्सिसमधला निर्देशक कुठला आहे ते खाली लिहा: काय मोजायचंय, त्याऐवजी काय मोजताय, आणि ते माप वाईट आलं तर त्याचं दुसरं कुठलं कारण असू शकतं. तिसरी ओळ रिकामी राहिली तर गाईडकडे जाऊ नका, आधी लायब्ररीत जा. पुढची पोस्ट सॅम्पल साइझवर.

आणि सुबुता मी अजूनही खाते. मागच्या गल्लीत, मंगळवारी, दुपारी पावणेदोनच्या सुमारास, आजोबांची कढई मोकळी असते तेव्हा.